पस्तीसच्या आत

लागोसच्या इकेजा भागात एका दुमजली इमारतीत खाली शिंपी बसायचा आणि वरच्या मजल्यावर वृषाली मगदूम. शिंप्याकडे लोक लग्नाचे कपडे शिवायला येत, वृषालीकडे देश सोडायला. दोघंही आधी माप घेत, आणि दोघांकडेही माप देताना माणूस पोट आत ओढून उभा राही.

वृषाली मूळची इचलकरंजीची. नवरा भरतेश मागांचा तंत्रज्ञ. इथल्या एका कापड गिरणीनं त्याला बोलावून घेतलं तेव्हा मुलगा सम्मेद दीड वर्षाचा होता. पुढे गिरणी बंद पडली, सम्मेद 'तिकडे' स्थायिक झाला, तीन वर्षांपूर्वी भरतेश हृदयविकारानं गेला, आणि वृषाली लोकांचे अर्ज भरून देता देता अख्ख्या इकेजाची 'आंटी' झाली. तिकडे म्हणजे उत्तरेचा तो थंड, श्रीमंत, म्हाताऱ्यांचा देश. त्याचं नाव तिच्या कचेरीत कुणी घेत नसे. नाव घेतलं की व्हिसा हुकतो, अशी गिऱ्हाइकांची समजूत. आणि गिऱ्हाइकाची समजूत फुकटात मोडायची नाही, अशी वृषालीची.

त्या सोमवारी समोर मोरेनिके बसली होती. एकतीस वर्षांची, नवजात बाळांच्या वॉर्डातली परिचारिका. सगळे तिला निके म्हणत. सोबत तिची आई, इसेयिन गावची विणकरीण. तिनं डोक्याचं निळं कापड इतकं ताठ बांधलं होतं, की पंख्याचा वारा त्याला वळसा घालून जात होता.

"लिहून घे," वृषाली म्हणाली. "शाळेच्या दाखल्यावर तुझं नाव एक, पासपोर्टवर दुसरंच. तुमच्यात बारशाला प्रत्येक नातेवाईक एकेक नाव देतो, ते प्रेम मला समजतं, तिकडच्या कारकुनाला समजत नाही. आधी शपथपत्र कर. बँकेत एका दिवसात मोठी रक्कम आणून टाकू नकोस, चार जणांकडून गोळा केलीय हे शेंबडं पोरही ओळखतं. लोकरीचे कपडे इथून नेऊ नकोस. इथली लोकर तिकडच्या थंडीत हातरुमाल. नोकरीचा राजीनामा व्हिसा हातात पडल्यावर. गावाकडचं घर विकायचं नाही. आणि जातेयस हे नातेवाइकांना विमानात पट्टा बांधल्यावर सांगायचं."

"आईलासुद्धा?"

"आई शेजारी बसलीय तुझ्या. आता काय लपवणार, कपाळ?"

म्हातारी हसली. तिला इंग्रजी जेमतेम येई, पण हसायची जागा बरोबर कळे.

"आता शेवटचं." वृषालीनं कपाटातून एक जाळीदार टोपी काढली. "बाकी सगळं जमवून आणलेली माणसं इथे अडतात."

टोपीचं काम समजायला अवघड नव्हतं. जिवाच्या माणसाचा आवाज कानावर पडला की तो कुणाचा आहे हे कळायच्या आधीच, सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात, डोळ्यांच्या बाहुल्या रुंदावतात, तळहाताला सूक्ष्म घाम सुटतो आणि मेंदूच्या ठरावीक भागाकडे रक्त धाव घेतं. टोपीतले अवरक्त किरण कवटीतून आत जाऊन ते रक्त मोजत, समोरचा कॅमेरा बाहुल्या मोजे. परीक्षेत साठ अनोळखी आवाज ऐकवायचे आणि त्यांत कुठेतरी घरच्या माणसाची हाक मिसळून द्यायची. परक्या आवाजाला शरीर किती हलतं आणि घरच्या हाकेला किती, यांतल्या फरकाचा शून्य ते शंभर असा आकडा निघे. तोच ओढांक. चेहऱ्याला खोटं बोलायला शिकवता येतं, बाहुलीला नाही.

मुळात हे यंत्र विस्मृतीच्या रुग्णांसाठी काढलेलं. बाप मुलाला ओळखत नाही म्हणतो, पण आत कुठे ओळखतो का, हे बघायला. मग कुणीतरी ती टोपी तिकडे आलेल्या परदेशी माणसांच्या डोक्यावर ठेवली आणि एक तक्ता निघाला: ज्यांचा ओढांक पन्नासच्या वर, त्यांतले दहापैकी सहा जण पाच वर्षांत उठून परत जातात. तिकडच्या सरकारनं विचार केला. एका परिचारिकेला आपली भाषा शिकवायची, आपलं काम शिकवायचं, आणि आई आजारी पडली म्हणून ती चालती होणार. त्यापेक्षा आधीच मोजलेलं बरं. तेव्हापासून कायमच्या वास्तव्याला अट आली, ओढांक पस्तीसच्या आत हवा.

"आमच्या गावी पस्तीस मिळाले की पोरगं पास व्हायचं," वृषाली गिऱ्हाइकांना सांगे. "तिकडे पस्तीसच्या वर गेलात की नापास."

अर्जासोबत घरच्या हाकेची ध्वनिफीत लागे. घरात ज्या शब्दांनी बोलावतात तेच शब्द. निकेसारखी योरुबा जमातीची माणसं इथे हमखास फसत. दुसऱ्या कुणी आईकडून 'अगं, इकडे ये' एवढं बोलून घेतलं असतं. पण योरुबा आईपुढे माईक धरला, आणि लेकराला हाक मार म्हटलं, की ती ओरिकी म्हणायला लागते. ओरिकी म्हणजे त्या एकाच मुलाची स्तुती: त्याचं लाडाचं नाव, त्याच्या पूर्वजांचं काम, घराण्याचा मान, सगळं एका चालीत. सकाळी उठवताना, कामाला निघताना, तापानं फणफणल्यावर आई ती म्हणते, आणि साठीचा माणूसही ती ऐकून पाठ ताठ करतो. निकेच्या आईनंही तेच केलं होतं. सुरुवात 'आजोके' अशी होती, म्हणजे सगळ्यांनी मिळून जिचे लाड करावेत ती. मग सूत, नीळ, माग, आणि विणकर खापरपणजोबा.

निकेला टोपी घातली, ध्वनिफीत लावली. पडद्यावर एकाहत्तर आले.

"बापरे," वृषाली म्हणाली. "विमान राहू दे, तू शाळेत तरी कशी गेलीस?"

म्हातारीनं टोपीकडे बोट दाखवत काहीतरी विचारलं. "इया म्हणतेय, तिला घालून बघता येईल का," निके म्हणाली. इया म्हणजे आई. डोक्याचं कापड सोडण्यात पाच मिनिटं गेली. मग निके आईला एवढंच म्हणाली, की इया, सकाळपासून पोटात काही टाकलंस का.

सत्त्याण्णव.

"मग मला मिळेल का व्हिसा?" म्हातारीनं लेकीकरवी विचारलं.

"आयांचा आकडा कुठल्याच अर्जात लागत नाही, इया," वृषाली म्हणाली, आणि दोघी हसल्या. निके हसली नाही.

ओढांक खाली आणायचे दोन मार्ग होते. पहिला सगळ्यांना ठाऊक: तोच आवाज दिवसातून पन्नासदा ऐकायचा. शरीर कंटाळतं, आकडा उतरतो. पण दोन आठवडे आवाज ऐकला नाही की पुन्हा चढतो, आणि परीक्षेची तारीख काही आपल्या हातात नसते. दुसरा मार्ग वृषालीचा स्वतःचा. इकेजात त्याला 'मगदूम पद्धत' म्हणत. आठवण ही एकदा घडी घालून ठेवलेल्या साडीसारखी कपाटात पडून राहत नाही. आपण ती बाहेर काढतो तेव्हा तिची घडी मोडते, आणि परत ठेवताना त्या क्षणी भोवती जे असेल त्यासकट नवी घडी पडते. आईचा आवाज दर वेळी थकव्यात आणि कंटाळ्यात बाहेर काढा. तो थकव्या-कंटाळ्यासकट आत जाईल. शंभर वेळा केलं की जुनी घडी सापडतच नाही.

ही पद्धत तिनं पहिल्यांदा सम्मेदवर वापरली होती, आठ वर्षांपूर्वी. तो शिकायला तिकडे गेलेला, कायम राहायचा अर्ज केलेला, ओढांक अडुसष्ट. मगदूम जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. त्यामुळे लहानपणापासून तिची संध्याकाळची हाक एकच, "सम्मू, उजेड आहे तोवर जेवून घे." तीच हाक अर्जात नोंदवलेली. वृषालीनं काय करावं? तो दिवसभराचं काम आटोपून घरी टेकला की ती रोज फोन करी, सपाट आवाजात म्हणे, "सम्मू, उजेड आहे तोवर जेवून घे," आणि मग वीस मिनिटं इचलकरंजीच्या वर्तमानपत्रातल्या निविदा वाचून दाखवी. वॉर्ड क्रमांक सात, गटार दुरुस्ती. वॉर्ड क्रमांक नऊ, पाण्याच्या टाकीला रंग देणे. पहिल्या आठवड्यात दोघंही हसून लोळत. तिसऱ्या आठवड्यात हसू थांबलं, आणि त्याला तिनं प्रगती मानलं.

"यंत्राला फसवतेयस, का पोराला?" भरतेशनं एकदा विचारलं होतं.

"परीक्षा झाली की येतं सगळं परत," ती म्हणाली होती.

चार महिन्यांनी सम्मेद एकोणतीसवर पास झाला. वृषालीनं साऱ्या मराठी मंडळाला पेढे वाटले.

निकेची शिकवणी सुरू झाली. रोज पाचला, बारा तासांची पाळी संपवून ती कपडे बदलत असे तेव्हा, आईनं फोन करायचा. पहिला आठवडा वाया गेला. वृषालीनं म्हातारीला काहीतरी रटाळ वाचायला सांगितलं; तिला वाचता येत नव्हतं, म्हणून ती मागावर ताण्याचे धागे मोजू लागली. ओढांक एकाहत्तरचा चौऱ्याहत्तर झाला. निके लहानपणी तीच मोजणी ऐकत मागाखाली झोपायची, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

"तुमच्या घरात रटाळ म्हणून काही आहे की नाही?" वृषालीनं विचारलं. मग तिनंच निर्णय दिला. ओरिकीच म्हणायची. रोज, पाच वाजता, वीस मिनिटं, चाल न लावता.

"ओरिकी सपाट म्हणता येत नाही," निकेनं भाषांतर केलं. "इया म्हणते, सपाट म्हटली तर पूर्वज ओळखणार नाहीत."

"पूर्वजांना व्हिसा नकोय. तुला हवाय."

म्हातारीनं वृषालीकडे बराच वेळ पाहिलं. मग मान डोलावली. इकडच्या रीतीप्रमाणे ती वृषालीला तिच्या मुलाच्या नावानं हाक मारी. "ठीक आहे, इया सम्मेद," ती म्हणाली. "तूही आई आहेस. तू केलंस, मीही करीन."

अठ्ठावन्न. सेहेचाळीस. एका सोमवारी निके टोपी काढत म्हणाली, "आंटी, काल इया बोलत होती आणि मी नखं कापत होते. मध्येच लक्षात आलं, तिनं माझं नाव घेतलंय." पडद्यावर एकोणचाळीस होते. वृषालीनं वहीत आकडा लिहिला आणि तिची पाठ थोपटली. परीक्षेला तीन आठवडे उरले होते.

सम्मेदचा फोन त्याच बुधवारी आला. बुधवारी तो कधी करत नसे.

वृषालीनं स्वतःचाही एक अर्ज केला होता. भरतेशमागे तिचं इथे कुणी नव्हतं, इचलकरंजीतलं घर दिरांकडे गेलेलं. सम्मेदनं आईला कायमची तिकडे बोलवायचं ठरवलं. आईबापांना बोलवायलाही ओढांक लागे, पण बोलावणाऱ्याचा, आणि उलट बाजूनं. खोटे आईबाप दाखवून लोक माणसं नेऊ लागले तेव्हा नियम आला: मुलाचा आईच्या हाकेला ओढांक चाळीसच्या वर हवा. टोपी तीच, हाक तीच. हा नियम वृषालीला पाठ होता. त्यात घाबरण्यासारखं तिला काही दिसलं नव्हतं.

"आई, आकडा आला," सम्मेद म्हणाला.

"किती?"

"अपील करता येतं. आणि दोन वर्षांनी पुन्हा अर्ज—"

"सम्मू, किती?"

"अकरा."

पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते असं, की आपल्या एकाही गिऱ्हाइकाचा इतका खाली आला नव्हता. बाकीचं मग आलं.

"यंत्रात बिघाड असेल," ती म्हणाली.

"तीनदा मोजलं, आई." तो थांबला. "मी तुझी खोली तयार केलीय. पडदे लावलेत. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवलाय, तुझ्या गुडघ्यांसाठी. हे त्या टोपीला कसं नाही दिसत?"

"टोपी पडदे मोजत नाही रे."

"तू म्हणाली होतीस, परीक्षा झाली की येईल परत."

"म्हणाले होते."

"मी वाट पाहिली, आई. दर रविवारी फोन लावताना वाटायचं, आज येईल. तुला सांगितलं नाही. म्हटलं, उगाच लागेल तुला."

वृषालीनं खुर्चीचा हात धरला. "माझा आवाज ऐकून काय वाटतं तुला? खरं सांग. मी चिडणार नाही."

"वाईट नाही वाटत," तो म्हणाला. "झोप येते." आणि हसला. आपल्या आईला बरं वाटावं म्हणून माणूस हसतो तसं.

त्या दुपारी तिनं वह्या काढल्या. आठ वर्षांच्या, एकशे बारा नावं. नाव, गाव, सुरुवातीचा ओढांक, आठवडे, शेवटचा ओढांक, निकाल. माणसांची इतकी बारीक नोंद इकेजात कुणाकडे नव्हती, आणि याचा तिला अभिमान होता. 'नंतर' असा रकाना मात्र एकाही वहीत नव्हता. निकालानंतर तिनं कुणाला काही विचारलंच नव्हतं.

आता तिनं फोन लावायला घेतले. सगळे आनंदानं बोलले. आंटी, घर घेतलं. आंटी, दुसरी मुलगी झाली. आईला दर महिन्याला पाठवतो, एक महिना चुकलेला नाही. "आणि आईचा आवाज?" असं तिनं विचारलं की लाइन तुटल्यासारखी शांत व्हायची. नवव्या माणसानं सांगितलं, की आई गेल्या वर्षी वारली, तो आलाही होता. "सगळे रडत होते म्हणून मी रडलो, आंटी. मग विमानात बसून रडलो, पण ते दुसऱ्याच गोष्टीसाठी." दहावा फोन तिनं लावला नाही.

सोमवारी निके आणि तिची आई आल्या तेव्हा टोपी कपाटातच होती. वृषालीनं दोघींना सगळं सांगितलं. सम्मेदचा अकरा, नऊ फोन, नसलेला रकाना. निके आईला शब्दन्‌शब्द सांगत गेली. तिचा आवाज हळूहळू बारीक होत गेला.

"हे आधी का नाही सांगितलं, आंटी?"

"मला माहीत नव्हतं." मग वृषालीनं स्वतःलाच दुरुस्त केलं. "मी माहीत करून घेतलं नाही. आता आहे तिथेच थांबलीस तर, मला वाटतं, बरंचसं सावरेल. खात्रीनं सांगत नाही. खात्रीनं सांगायचं मी आता सोडलंय."

"मी थांबते," निके म्हणाली. "नाही जायचं मला."

म्हातारी काहीतरी बोलली. निकेनं भाषांतर केलं नाही.

"काय म्हणाली?"

"काही नाही."

"निके."

"ती विचारतेय, इया सम्मेदचा मुलगा पोटभर जेवतो का. तिकडच्या दवाखान्यात दिवे असतात का."

"असतात, म्हणावं. दोन्ही."

"मग ती म्हणते, शिकव पुढे."

निके उठून उभी राहिली आणि योरुबात जोरात बोलू लागली. म्हातारीनं ते ऐकून घेतलं. मग लेकीला बाजूला सारून, आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, ती थेट वृषालीशी बोलली. जनरेटरचं डिझेल संपलं तेव्हा निकेनं चार तास दोन बाळांना हातानं पिशवी दाबून श्वास दिला. दोन बाळं, दोन हात. दोघंही गेली. त्यानंतर ती घरी आली आणि नऊ दिवस एक शब्द बोलली नाही. "इथे राहिली तर तिचा आवाज बंद होईल, मला ऐकू येणार नाही," म्हातारी म्हणाली. "तिकडे गेली तर माझा आवाज तिला ऐकू येणार नाही. दोन्हींतलं एक मला निवडायचंय. मी निवडलं. तू माझी मुलगी सुखरूप पाठव, इया सम्मेद."

वृषालीनं कपाट उघडलं. टोपीचा पट्टा तिला दोनदा लावावा लागला.

निके तेहतीसवर पास झाली.

जायच्या आदल्या दिवशी दोघी कागदांची फाइल घ्यायला आल्या. वृषालीनं सवयीनं सगळं पुन्हा सांगितलं: मूळ दाखले हातातल्या बॅगेत, प्रती सामानात, उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात डॉक्टरकडे नाव नोंदव, पहिला हिवाळा खिडकीजवळ बस, उजेड मिळेल तेवढा घे. निके सगळं लिहून घेत होती. मग तिनं वही मिटली आणि तिथेच, फरशीवर, आईपुढे गुडघे टेकले. लांबच्या प्रवासाला निघताना लेकीनं गुडघे टेकायचे आणि आईनं ओरिकी म्हणायची, अशी रीत.

या वेळी म्हातारी सपाट बोलली नाही. तीन महिने दाबून ठेवलेली चाल तिनं पुरी मोकळी सोडली. आजोके. सगळ्यांनी मिळून जिचे लाड करावेत ती. निळीच्या रांजणांची नात. खाली शिंप्याचं मशीन थांबलं. वृषालीला त्यातला एकही शब्द कळत नव्हता, तरी तिच्या मानेवर काटा आला. गल्लीतून चाललेली एक अनोळखी बाई खिडकीखाली थबकली आणि तिनं पाठ सरळ केली.

निके वर बघत होती. चेहरा मन लावून ऐकणाऱ्याचा. मग तिचा जबडा हलकेच आवळला, नाकपुड्या फुलल्या, डोळ्यांत पाणी आलं. आधी वृषालीला वाटलं, हुंदका. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि निके जांभई दाबत होती.

म्हातारीनंही पाहिलं. पण तिनं घाई केली नाही, एकही पूर्वज गाळला नाही, शेवटच्या ओळीपर्यंत तसंच भरभरून म्हटलं. मग लेकीच्या गालावर दोन बोटांनी टिचकी मारली.

"झालीस पास," ती म्हणाली.

निकेनं आईच्या पोटात डोकं खुपसलं आणि रडायला लागली. "इया, मला भरून येत नाहीये," ती पुनःपुन्हा म्हणत राहिली, "इया, मला भरून येत नाहीये." वृषाली कपाटाकडे वळून नसलेली फाइल शोधू लागली.

त्यानंतर तिनं टोपी विकून टाकली. समोरच्या बोळात दोघा जणांनी तीच पद्धत सुरू केली. पाटीवर नावही तेच, 'मगदूम', फक्त स्पेलिंग चुकलेलं. तिच्याकडे आता दाखले, शपथपत्रं आणि लोकरीचे सल्ले एवढंच मिळे. तिचा अर्ज रीतसर नामंजूर होऊन आला. कारणाच्या जागी छापलं होतं: नातं सिद्ध होत नाही. महिन्यातून एकदा निकेची आई इसेयिनहून येई, लेकीनं पाठवलेले फोटो दाखवी आणि जिन्यातूनच हाक मारी, "इया सम्मेद, आहेस का?" ती हाक ऐकली की दर वेळी वृषाली हातातला कागद खाली ठेवी आणि "आहे, आहे" म्हणे.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी सम्मेदचा फोन आला, ठरल्या वेळी. तब्येत, हवा, नातीचा पडलेला दात. दोघांनी सगळे विषय नीट क्रमानं घेतले, एकही राहू दिला नाही. अपील फेटाळल्याचं तो बोलला नाही आणि तिनंही काढलं नाही.

"तुमच्याकडे आता लवकर अंधारतं ना?" तिनं विचारलं.

"चारला."

तिनं स्वतःला आवरलं, पण तोंडाची सवय आवरली नाही. "सम्मू, उजेड आहे तोवर जेवून घे."

"जेवलो." पलीकडून दाबलेली जांभई ऐकू आली. "सॉरी आई."

"सॉरी कशाला? दमला असशील."

"झोपच नाही ग हल्ली. महिना झाला. गोळ्या घेऊन बघितल्या. तीन-तीन वाजेपर्यंत छताकडे बघत पडतो." मग जरा ओशाळून म्हणाला, "आई, ते वाचतेस का? निविदा?"

वृषालीनं फोन दुसऱ्या कानाला धरला.

"असतील ना अजून? तिकडची गटारं काय संपली नसतील."

"संपतील कशी," ती म्हणाली. "थांब. चष्मा घेते."

तिनं फोनवर इचलकरंजीचं वर्तमानपत्र उघडलं, जाहिरातींचं पान काढलं आणि वाचायला लागली. वॉर्ड क्रमांक चार, सांडपाण्याचे चेंबर बांधणे. वॉर्ड क्रमांक अकरा, शाळेच्या छताचे पत्रे बदलणे. कामाची मुदत तीन महिने. इच्छुकांनी मोहोरबंद पाकिटात. पलीकडे गादी करकरली, पांघरूण ओढल्याचा आवाज झाला. दुसऱ्या रकान्याच्या मध्यावर त्याचा श्वास लांबला, आणि मग तो येऊ लागला, दीड वर्षाचा असताना यायचा तसा, मध्येच नाकात किंचित अडकून सुटणारा.

पान संपलं. तिनं फोन ठेवला नाही. मागचं पान उघडलं आणि वाचतच राहिली, मात्र आवाज थोडा उतरवून, त्याला जाग येऊ नये म्हणून.